बीटाच्या आधी लिहिलेला रिव्ह्यू

ट्रान्सफरला, म्हणजे लॅबमध्ये तयार झालेला एम्ब्रियो (गर्भ) बायकोच्या गर्भाशयात सोडल्याला, आज आठ दिवस झाले. बीटाचं, म्हणजे दिवस राहिले की नाही ते सांगणाऱ्या तपासणीचं, रक्त द्यायला अजून सहा दिवस आहेत. रिव्ह्यू मुद्दाम आजच लिहून टाकतोय. रिपोर्ट चांगला आला तर मी पेढे वाटत सुटेन आणि पाच स्टार ठोकून मोकळा होईन. वाईट आला तर डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडीन. दोन्ही वेळेला तो रिव्ह्यू रिपोर्टचा होईल, सेंटरचा होणार नाही. टेस्ट ट्यूब सेंटरांचे रिव्ह्यू चाळून पाहा, बहुतेक असेच असतात. एक तर ‘देवमाणूस’, नाही तर ‘लुटारू’.

नाव टाकत नाही. सेंटर जळगावचं आहे, एवढं पुरे. बायकोची तशी अट आहे. सावद्यात आमच्या घराबाहेर हे फक्त चौघांना माहीत आहे, आणि त्यातल्या दोघी माझ्या मेव्हण्या, म्हणजे ते चौघंच राहिलेत का हेही सांगता येत नाही. आधीचं एक सेंटर झालं, मोठ्या शहरातलं, त्याचंही नाव टाकणार नाही. एकाची बदनामी आणि एकाची जाहिरात मला करायची नाही. मी कुठं काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं तेवढं लिहितो. तेच प्रश्न कुठल्याही सेंटरला विचारता येतात.

मी केळीचा माणूस. चार खोल्यांचं रायपनिंग चेंबर आहे. बायको ज्युनियर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते, तिचं एम.एस्सी. जळगावच्या विद्यापीठातलं, ते नुसतं उमवि (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) होतं तेव्हाचं. म्हणजे आमच्या घरात पेपर वाचणारी ती आणि बिल वाचणारा मी. लग्नाला नऊ वर्षं झाली. तिला पीसीओएस आहे (हॉर्मोनचा त्रास, त्यात अंडं वेळेवर तयार होत नाही), वय ३४. मी ८६ सालचा. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ ला आपल्याकडची पहिली मानली गेलेली टेस्ट ट्यूब बेबी हर्षा जन्मली, त्याच वर्षातला. हे तंत्र माझ्याच वयाचं आहे असं मी एकदा म्हणालो, तर बायकोनं लगेच दुरुस्ती केली: ‘त्याच्याआधी ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्यायांनी केलं होतं, आणि तेही एम्ब्रियो गोठवून, नंतरच्या पाळीत सोडून. त्यांचं कुणी ऐकलं नाही.’ आमच्या घरात चहाबरोबर अशा गप्पा चालतात.

आधीच्या सेंटरला दोन ट्रान्सफर झाले. पहिल्यात दोन एम्ब्रियो एकदम सोडले, काही लागलं नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी एक छापील रेटकार्ड पुढ्यात ठेवलं, हॉटेलच्या मेनूसारखं लॅमिनेट केलेलं. एण्डोमेट्रियल स्क्रॅच (गर्भाशयाचं अस्तर जरा खरवडायचं) ८,०००. इण्ट्रालिपिडच्या (शिरेतून द्यायच्या तेलकट सलाइनच्या) दोन बाटल्या ११,०००. लेझर हॅचिंग (एम्ब्रियोच्या कवचाला लेझरनं छेद) १२,०००. एम्ब्रियो ग्लू (एम्ब्रियो चिकटावा म्हणून सोडताना वापरायचं द्रव) ९,०००. काउन्सेलर म्हणाली, ‘सर, एवढा खर्च केलाच आहे, तर आता चान्स कशाला घ्यायचा?’ या वाक्यापुढे कुणाचंच काही चालत नाही. मी रोज व्यापाऱ्यांशी क्विंटलमागे वीस-वीस रुपयांवरून भांडणारा माणूस, पण तिथं मान डोलावली. त्या आठवड्यात केळीला १,६०० भाव होता. म्हणजे पंचवीस क्विंटल केळी एका कागदावर गेली. वरून स्टेरॉइडच्या गोळ्या. तोही ट्रान्सफर फेल गेला.

मग तिसऱ्यासाठी त्यांनी ‘ईआरए’ सांगितली. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून तपासायचा आणि एम्ब्रियो सोडायची नेमकी वेळ ठरवायची. खर्च ४५,०००, शिवाय एक पूर्ण महिना वाया. त्या रात्री बायको मोबाइल घेऊन बसली ती दीड वाजेपर्यंत. सकाळी मला म्हणाली, ‘अहो, हे पाहा.’ २०२२ मध्ये अमेरिकेत ७६७ जणींवर झालेली चाचणी, ‘जामा’ मासिकात छापलेली. निम्म्या जणींना ईआरएनं सांगितलेल्या वेळी सोडलं, निम्म्यांना नेहमीच्या वेळी. बाळ घरी आलं ते ईआरएवाल्यांत ५८.५ टक्के, नेहमीवाल्यांत ६१.९ टक्के. (ते सगळे एम्ब्रियो गुणसूत्रं तपासून निवडलेले होते, म्हणून आकडे एवढे मोठे. आपल्याशी ताडून पाहू नका.) दोन्हींतला फरक मोजण्यासारखा नाही, पण ४५ हजार घालून जास्त मिळत नाही हे माझ्यासारख्यालाही कळतं.

मग तिनं मागचंही उकरलं. स्क्रॅचवर न्यूझीलंडच्या पुढाकारानं पाच देशांत चाचणी झाली होती, १,३६४ बायका, २०१९ चा पेपर. स्क्रॅच केलेल्यांत बाळ २६.१ टक्के, न केलेल्यांत २६.१ टक्के. मी दोनदा वाचलं, मला वाटलं छपाईची चूक आहे. आमचे आठ हजार म्हणजे त्या दोन दशांशांमधलं अंतर. स्टेरॉइडच्या गोळ्यांचंही २०२३ मध्ये चीनमधल्या मोठ्या चाचणीत तेच निघालं, उपयोग नाही. बायकोला स्क्रॅचच्या वेळी किती दुखलं होतं ते मी टेबलापलीकडून पाहिलं होतं. त्या दिवशी तिनं पेपर मिटला, पदर खोचला आणि कढई घासायला घेतली. अशी घासली की कल्हई उडाली असेल.

तर असे आम्ही जळगावला पोचलो.

इथल्या मॅडमची पहिली भेट सव्वा तास चालली, त्यातला निम्मा वेळ त्या जुन्या फायली वाचत होत्या आणि आम्ही एसीचा आवाज ऐकत होतो. मग मी विचारलं, ‘मॅडम, ईआरए करायची का?’ ‘नाही.’ ‘स्क्रॅच?’ ‘नाही.’ ‘इण्ट्रालिपिड?’ ‘त्यानं काही होत नाही.’ ‘एम्ब्रियोची गुणसूत्रं तपासायची?’ यावर त्या थांबल्या. वय जास्त असतं किंवा सारखे गर्भपात होत असते तर बोललो असतो, म्हणाल्या. ३४ व्या वर्षी चांगले एम्ब्रियो असताना त्याची गरज वाटत नाही. बायकोनं चीनच्या २०२१ च्या चाचणीचं नाव काढलं: तीन ट्रान्सफरपर्यंतचा हिशोब धरून तपासलेल्यांत ७७.२ टक्के आणि न तपासलेल्यांत ८१.८ टक्के बाळं. मॅडमनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘तुम्ही काय करता?’ तिथून पुढचं त्या दोघीच बोलत होत्या, मी पार्किंगच्या पावतीवर वेळ संपत आली का ते पाहत होतो.

एका गोष्टीला मात्र त्या ‘हो’ म्हणाल्या. ग्लू. त्यात हायलुरोनिक ॲसिड असतं; फायदा होतो असं बऱ्याच चाचण्या एकत्र केलेल्या कोक्रेनच्या आढाव्यात दिसतं, पुरावा मध्यम प्रतीचा आहे, घ्यायचं तर घ्या, नाही घेतलं तरी मी रागावणार नाही. हे वाक्य मला आवडलं. दुकानदारानं ‘हा माल मध्यम आहे’ असं सांगायला छाती लागते. आम्ही ग्लू घेतला.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. केळी पिकवताना खोलीचं तापमान १६ ते १८ डिग्री ठेवावं लागतं. १३ च्या खाली गेलं तर साल काळी पडते आणि माल कचऱ्यात. म्हणून दर तासाला नोंद. माझ्याकडे नवीन पोरगा लागला की पहिल्या आठवड्यात त्याचं रजिस्टर मी पाहतोच. सगळ्या ओळींत सारखा आकडा, एकाच पेननं, एकाच तिरक्या अक्षरात असला, तर समजायचं की भाऊनं सकाळी बसून दिवसभराचं भरलंय. खरं रजिस्टर घाणेरडं असतं. त्यात खाडाखोड असते आणि एखादा वाईट आकडाही असतो.

आधीच्या सेंटरला लॅबच्या काचेवर असाच तक्ता होता. इन्क्युबेटर (एम्ब्रियो वाढवायची उबदार पेटी) ३७.०, ३७.०, ३७.०, अख्खा महिना. मी तेव्हा पाहिला होता आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. जळगावला मी लॅबमध्ये एम्ब्रियो सांभाळणाऱ्या एम्ब्रियोलॉजिस्ट ताईंना विचारलं, ‘नोंदी दाखवता का?’ आत कुणाला सोडत नाहीत, ते बरोबरच आहे. त्यांनी फाइल बाहेर आणली. तापमान, कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन पाच टक्के, नायट्रोजनच्या टाकीची पातळी. एका दुपारी लाल पेननं लिहिलेलं: लाईट गेली, यूपीएसवर, जनरेटर सुरू, अलार्म वाजला, कुणी येऊन पाहिलं त्याची सही. भुसावळ-जळगावचा मे महिना, बाहेर ४५ डिग्री, एमएसईबीची लाईट कधी जाईल याचा नेम नाही. अशात ज्याच्या फाइलमध्ये लाल ओळ नाही त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. त्या एका लाल ओळीसाठी मी या सेंटरला एक अख्खा स्टार देतो. त्याचं बिल कुणी लावलं नाही.

एम्ब्रियो तीन मिळाले. हॉर्मोनची पातळी फार चढली होती, पीसीओएसवाल्यांना अशात अंगात पाणी भरायचा धोका असतो, म्हणून लगेच न सोडता तिन्ही गोठवले, उणे १९६ डिग्रीला. गुरांच्या डॉक्टरांच्या गाडीवर नायट्रोजनचा ॲल्युमिनियमचा कॅन असतो ना, तीच पद्धत, मोठ्या घरातली. गोठवलेले शंभरातले नव्वदच्या वर परत धडधाकट निघतात, असं ताई म्हणाल्या. ग्रेड मिळाले ४एए, ४बीबी आणि ३बीसी. माझ्या चेंबरवरही ए आणि बी ग्रेडच आहे, त्यामुळे हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. एकच सोडायचा, हेही मॅडमनीच ठरवलं. जुळ्यांची हौस मला होती. कमी दिवसांची, कमी वजनाची दोन पोरं काचेच्या पेटीत ठेवावी लागली तर काय खर्च आणि काय जिवाची घालमेल होते हे त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं आणि माझी हौस तिथंच फिटली.

आता जे झालं ते मला या सगळ्यातलं सर्वात महत्त्वाचं वाटतं. अस्तर तयार करायला गोळ्या चालू होत्या, सोनोग्राफीत ८.४ मिलिमीटर आलं, तीन पदर छान दिसत होते. मग गर्भ टिकवणारं हॉर्मोन, प्रोजेस्टेरॉन, सुरू केलं, योनीमार्गातून. आधीच्या सेंटरला इथून पुढं थेट ट्रान्सफरच होता. इथं ट्रान्सफरच्या आदल्या दिवशी रक्त घेतलं, प्रोजेस्टेरॉन पाहायला. आलं ७.८. मॅडमचा संध्याकाळी फोन. स्पेनमध्ये वालेन्सियाच्या डॉक्टरांनी दाखवलंय, म्हणाल्या, की अशा गोळ्यांवरच्या पाळीत ही पातळी साधारण ९ च्या खाली असली तर बाळ राहण्याचं प्रमाण कमी होतं. बाकी सगळं चांगलं असलं तरी. पाळी नैसर्गिक असते तेव्हा अंडं फुटल्यावर उरलेली गाठ स्वतःच प्रोजेस्टेरॉन बनवते. गोळ्यांच्या पाळीत ती गाठच नसते, सगळं बाहेरून द्यावं लागतं आणि प्रत्येकीचं शरीर ते सारखं शोषून घेत नाही. त्याच रात्रीपासून तेलातलं इंजेक्शन जोडलं.

ती तपासणी ६०० रुपयांची. सहाशे. मी बिल पुन्हा पाहिलं. आधीच्या दोन वेळांना ही पातळी किती होती, हे आता कुणीच सांगू शकत नाही. पाहिलीच नव्हती. चाळीस हजारांचा मेनू होता, त्यात ही सहाशेची ओळ नव्हती. मी त्या रात्री भुसावळच्या पुलावर गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं नुसता बसलो होतो, हे बायकोला माहीत नाही. आता वाचेल.

गाठ नसलेल्या पाळीतून दिवस राहिले तर पुढं ब्लडप्रेशर वाढायची शक्यता जास्त असते, हेही मॅडमनी आधीच सांगून ठेवलंय. आम्ही लेट्रोझोलवर (अंडं वाढवायच्या गोळ्या) अंडं तयार करून पाहिलं होतं आधी, तिचं वाढलं नाही, म्हणून हा मार्ग. राहिलं तर तपासण्या चुकवायच्या नाहीत, असा दम आहे.

ट्रान्सफरच्या दिवशी लघवी भरलेली हवी. म्हणजे पोटावरून सोनोग्राफीत गर्भाशय नीट दिसतं आणि नळीला सरळ वाट मिळते. सावदा ते जळगाव हा रस्ता आणि भरलेली लघवी, या दोन गोष्टी ज्यांनी एकत्र केल्या नाहीत त्यांना काय सांगणार. सिस्टरनी नेमकं सांगितलं होतं: निघताना पिऊ नका, नशिराबाद आलं की अर्धा लिटर. प्रत्येक गतिरोधकाला बायको माझ्याकडे अशी पाहत होती की मीच तो बांधलाय.

आत मलाही घेतलं. तालीम म्हणून रिकामी नळी त्यांनी मागच्या महिन्यातच घालून पाहिली होती, वाकण कुठं आहे ते लिहून ठेवलं होतं. आधी गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला चिकट स्राव सावकाश पुसून घेतला. मऊ नळी. पडद्यावर टोक दिसतं. गर्भाशयाच्या छतापासून दीडेक सेंटिमीटर खाली मॅडम थांबल्या, कारण वरच्या भिंतीला टोचलं की गर्भाशय आकसतं. मग एक पांढरा ठिपका सुटला. तो एम्ब्रियो नसतो, त्याच्याबरोबरच्या हवेचा बुडबुडा असतो, हे ताईंनी नंतर सांगितलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. नळी लगेच आत सूक्ष्मदर्शकाखाली गेली, एम्ब्रियो तिच्यातच चिकटून राहिला नाही ना ते पाहायला. ‘क्लिअर’ असा आवाज आला. सगळं मिळून सात मिनिटं. आधीच्या दोन वेळांना मी बाहेर होतो, त्यामुळे तिथं काय केलं, काय नाही, त्यावर बोलत नाही.

दहा मिनिटांत उठवलं आणि म्हणाले, आधी लघवीला जा. माझी आई व्हिडिओ कॉलवर होती. ‘व माय, उठवली काय तिले? पडून जाईन ना ते! पंधरा दिस पाठ लावून राहू द्या तिले.’ मॅडमनी फोन माझ्या हातातून घेतला आणि आईशी स्वतः बोलल्या. आजी, ते दोन ओल्या पापडांच्या मधे ठेवलेल्या तिळासारखं असतं, उभं राहिल्यानं खाली पडत नाही. झोपवून ठेवल्यानं फायदा होत नाही, असं पाहिलंय. उलट नुकसान होतं असंही काही ठिकाणी दिसलंय. आईला तिळाचं पटलं. पपईचं मात्र पटवता आलं नाही, घरातून पपई हद्दपार आहे. भरीत चालेल का, हे बायकोनं स्वतः विचारून घेतलं. चालेल. परतताना भुसावळला भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली, तिनं माझ्या वाटचंही.

आता तक्रारी. वेळ दिलेली अकराची, नंबर लागला दीडला, आणि असं तीनदा झालं. बाहेरच्या टीव्हीवर दिवसभर एकच मालिका, तीत सासू सुनेला वांझ म्हणते; कुणाला तरी रिमोट सापडायला हवा. नमुना द्यायला पुरुषांची नावं पूर्ण आडनावासकट माइकवर पुकारतात. जळगाव काही मुंबई नाही, तिथं मला आमच्या गावचा एक खतवाला भेटला, आम्ही दोघांनीही एकमेकांना ओळखलं नाही.

आणि सर्वात मोठी: संमतीचे कागद. २०२१ च्या कायद्यानं लेखी संमती लागते, ते ठीक. पण वीसेक पानं, सगळी इंग्रजीत. बायको वाचू शकते म्हणून ठीक. शेजारी यावलकडची एक जोडी बसली होती, त्यांना सिस्टर नुसती बोटानं सहीची जागा दाखवत होती. मी मराठी प्रत मागितली तर चार पानांची झेरॉक्स मिळाली, अर्धी पुसट. गोठवलेल्या एम्ब्रियोचं नवरा-बायकोपैकी कुणाचं काही झालं तर काय करायचं, हे ज्या पानावर आहे तेच त्यात नव्हतं. उरलेले दोन एम्ब्रियो आमचे तिथं आहेत. मॅडमना मी हे सांगितलं, ‘करून घेते’ म्हणाल्या. महिना झाला, झालेलं नाही.

यशाचा बोर्ड नाही, हे मी चांगल्यात धरतो. आधीच्या ठिकाणी लिफ्टमध्येसुद्धा टक्के लावलेले होते, कशाचे टक्के ते कुठंच नव्हतं. नुसता बीटा पॉझिटिव्ह, का सोनोग्राफीत ठोके, का बाळ घरी? इथं विचारल्यावर वयानुसार एका कागदावर लिहून दिलं, बाळ घरी नेलेल्यांचं. आकडा लहान होता. मी घडी घालून पाकिटात ठेवलाय.

चार स्टार. कापलेला एक संमतीच्या कागदांचा; मराठी प्रत पूर्ण निघाली तर येऊन परत लावीन. वेळेचा खरं तर अर्धा कापायचा होता, अर्धा देता येत नाही. बुधवारी काय येतं त्यावरून यात काही बदलणार नाही, तसं बायकोला वचन दिलंय. तिनं आत्ता हे सगळं वाचलं, पुलाच्या ओळीपाशी थांबली, काही बोलली नाही, आणि प्रोजेस्टेरॉनच्या ठिकाणी मी ‘७.९’ लिहिलं होतं ते ‘७.८’ करून दिलं.